दगड कुठे रोवायचा?

मोजणीवाला शेतात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दगड कुठंय?" मग घरातलं कुणी जुनं माणूस पुढे होतं, बांधावरच्या बाभळीपासून पावलं टाकत जातं, एका जागी थांबतं आणि उकरायला सांगतं. हद्दीचा दगड निघाला तर निम्मं काम झालं. नाही निघाला तर शेजारच्या गटातला शोधायचा, तोही नसला तर ओढ्याकाठचा. एक तरी ठाम खूण हाती आल्याशिवाय मोजणी सुरू करण्यात अर्थ नसतो.

परभणी जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत ही ठाम खूणही फार ठाम नसते. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की रोवलेला दगड कलतो, कधी खाली जातो, कधी वर येतो. म्हणून जुनी मोजणी एका दगडाच्या भरवशावर नसायची. शंकू-साखळी घेऊन, 33 फुटांची एक साखळी आणि तिचे सोळा आणे या हिशोबानं, एका खुणेपासून दुसरीपर्यंतची अंतरं टिपणात लिहिली जायची. एक दगड हलला तरी बाकीच्यांवरून त्याची जागा काढता यावी, ही त्यामागची सोय.

आता अशी एक जमीन डोळ्यांसमोर आणा, जिथे एकही दगड नाही. जमीन म्हणायची तीसुद्धा बर्फाची, दोन-तीनशे मीटर जाडीची, आणि ती समुद्रावर तरंगते आहे. भरती आली की ती वर उचलली जाते, ओहोटीला खाली बसते. शिवाय अख्खीच्या अख्खी ती समुद्राकडे सरकते आहे, आणि मधूनच तिच्या टोकाचा तालुकाभर तुकडा मोडून निघून जातो. या जमिनीचा नकाशा करायचा आहे. दगड कुठे रोवायचा?

ध्रुवप्रदेशातल्या हिममंचांच्या, म्हणजे ज्यांना आइस शेल्फ म्हणतात त्यांच्या मोजणीचा दोनशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्यातल्या एका महत्त्वाच्या प्रकरणात आपल्या देशाचा आणि आपल्या भागातल्या माणसांचा हात लागलेला आहे.

आधी हिममंच म्हणजे काय ते पाहू. अंटार्क्टिकावर पडलेला बर्फ सहसा वितळत नाही. वर्षांवर वर्षं साठतो, स्वतःच्या भारानं दाबला जातो आणि गोदावरीचं पाणी जसं उताराकडे जातं तसा अतिशय संथपणे समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याला पोचल्यावर नदी समुद्रात मिसळून जाते. बर्फ मिसळत नाही. तो पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तळ सोडतो आणि मागच्या हिमनदीला चिकटलेल्या अवस्थेतच पाण्यावर तरंगत पुढे पसरतो. नदीच्या मुखाशी गाळाचा त्रिभुज प्रदेश तयार होतो, तसाच हा तरंगता बर्फाचा प्रदेश. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा हिममंचांनी वेढलेला आहे. त्यातला सगळ्यांत मोठा रॉस हिममंच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. आपलं महाराष्ट्र राज्य तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ते त्यावर आडवं ठेवलं तरी बाजूला बरीच जागा उरेल.

या मंचांची पहिली मोजणी जहाजावरून झाली, आणि तीही फक्त काठाची. जानेवारी 1820 च्या अखेरीस रशियन नौदलाचा अधिकारी बेलिंग्सहाउझेन याला जो बर्फाचा काठ दिसला, तो आज फिम्बुल नावानं ओळखल्या जाणाऱ्या हिममंचाचा होता. 28 जानेवारी 1841 ला ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन दक्षिणेकडे निघालेला असताना समोर पांढरी भिंत आडवी आली. त्याला दक्षिण चुंबकीय ध्रुवाकडे जायचं होतं. भिंतीत वाट नव्हती. तिच्या कडेकडेनं तो शेकडो मैल गेला, सूर्याची उंची मोजून जहाजाची जागा काढत गेला आणि त्या जागांवरून भिंतीची रेषा कागदावर आखत गेला. भिंतीच्या मागे काय आहे, ती जमिनीवर टेकलेली आहे की तरंगते आहे, यातलं काहीच कळायचा मार्ग नव्हता. शेताची मोजणी करायला आलेल्या माणसानं फक्त रस्त्याकडची बाजू मोजून परत जावं तसं हे काम झालं. तरी रॉसनं आखलेली ती रेषा पुढे फार मोलाची ठरली, कारण तिला तारीख होती.

साठ वर्षांनी, 1902 च्या आरंभी, रॉबर्ट स्कॉट 'डिस्कव्हरी' जहाजातून त्याच काठानं गेला. रॉसनं जिथे भिंत दाखवली होती तिथे त्याला मोकळं पाणी मिळालं. काठ कित्येक मैल दक्षिणेला सरकला होता. रॉसची मोजणी चुकली नव्हती, भिंतच बदलली होती. 4 फेब्रुवारीला स्कॉटनं मंचावर उतरून दोराला बांधलेल्या फुग्यातून वर जाऊन पाहिलं. त्याच्या मागून शॅकल्टन कॅमेरा घेऊन वर गेला. अंटार्क्टिकाची हवेतून काढलेली ती पहिली छायाचित्रं. खाली नजर जाईल तिथपर्यंत पांढरं मैदान, आणि त्यात समुद्राच्या लाटांसारखे लांबलचक चढउतार.

पण त्या मोहिमेतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट फुग्याची नाही, सामानाच्या एका ढिगाची आहे. दक्षिणेच्या वाटचालीसाठी बर्फावर 'डेपो ए' नावानं शिधा साठवून ठेवला होता. पांढऱ्या मैदानात तो पुन्हा सापडावा म्हणून त्याची जागा मिना ब्लफ या खडकाळ कड्यावरून आणि त्यामागच्या डोंगरावरून सरळ रेषा जुळवून ठरवली होती. साडेतेरा महिन्यांनी माणसं परत तिथे गेली तेव्हा रेषा जुळेना. मोजून पाहिलं तर डेपो 608 यार्ड, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या वर, सरकला होता. कुणी हलवला नव्हता. ज्या बर्फावर तो ठेवला होता तो बर्फच त्याला घेऊन चालला होता. हिममंचाचा वेग इतक्या नेमकेपणानं माणसाच्या हाती प्रथम आला तो असा, शिधा शोधताना. आणि तो आला याचं कारण कडा खडकाचा होता. दगड बर्फात रोवता येत नाही. तो बर्फाबाहेर शोधावा लागतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

हा धडा पुढे एका मोठ्या मोहिमेनं किंमत मोजून पुन्हा शिकवला. 1938-39 च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, जर्मनीनं आल्फ्रेड रिचर याच्या नेतृत्वाखाली 'श्वाबेनलांड' हे जहाज अंटार्क्टिकाला पाठवलं. जहाजावर 'बोरेआस' आणि 'पासात' अशी पाण्यावर उतरणारी दोन विमानं होती. त्यांनी काही आठवड्यांत 11,000 हून जास्त छायाचित्रं घेतली आणि साडेतीन लाख चौरस किलोमीटर प्रदेश टिपला. पण जमिनीवर उतरून पक्क्या केलेल्या खुणा जवळपास नव्हत्याच. छायाचित्रांतून डोंगरांचे आकार मिळाले. ते नेमके कुठे आहेत हे वैमानिकाच्या अंदाजावर राहिलं. त्यांवरून केलेल्या नकाशात अख्ख्या डोंगररांगा आपल्या खऱ्या जागेपासून किती तरी किलोमीटर दूर पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेच्या लोकांना आधी जमिनीवरचे बिंदू पक्के करून मग त्यांना विमानातली छायाचित्रं बांधावी लागली. या भागाच्या नकाशावर आज नॉर्वेजियन नावं दिसतात ती त्या कष्टांची.

जर्मन मोहिमेनं एक गोष्ट मात्र आपल्यासाठी करून ठेवली. रिचार्डहाइनरिख शिर्माखर या वैमानिकाला बर्फाच्या पसाऱ्यात अचानक उघड्या खडकांची आणि तळ्यांची एक चिंचोळी पट्टी दिसली. तिला त्याचं नाव मिळालं : शिर्माखर ओअॅसिस. तिच्या दक्षिणेला खंडाचा बर्फ, उत्तरेला निव्हलिसेन नावाचा हिममंच आणि मंचाच्या पलीकडे समुद्र. निव्हलिसेनचा आकार सात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यापेक्षा थोडाच मोठा.

याच हिममंचावर भारत गेला. 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे भाड्यानं घेतलेलं जहाज निघालं. मोहिमेचे नेते होते सागरशास्त्रज्ञ डॉ. सैयद झहूर कासिम आणि बरोबर एकवीस जणांचा चमू. 9 जानेवारी 1982 ला त्यांनी अंटार्क्टिकावर पाय ठेवला. दोन वर्षांनी, 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत, लष्कराच्या अभियंत्यांनी हिममंचावर लाकडी तयार भागांचा कायमचा तळ उभा केला. त्याच मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया प्रथमच या खंडावर पोचल्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांनी शिर्माखरच्या खडकांचा नकाशा केला. दुसऱ्या होत्या नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या अदिती पंत. त्यांचं काम पाण्यातल्या जीवसृष्टीचं होतं.

तळाचं नाव ठेवलं 'दक्षिण गंगोत्री'. हे नाव देणाऱ्यांच्या मनात हिमालय असणार. पण गंगाखेडच्या घाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला ते वेगळंच ऐकू येतं. आपल्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, ती दक्षिणगंगा. आणि इथे तर बर्फाच्या खऱ्या नदीच्या मुखाशी घर बांधून त्याला गंगोत्री म्हटलेलं.

फरक एवढाच की हिमालयातली गंगोत्री डोंगराला टेकून आहे आणि ही पाण्यावर होती. जहाजातून सामान उतरवायला ती जागा सोयीची होती, पण मंचावर बर्फ साठतो. वाऱ्याबरोबर येणारा बर्फ कुठल्याही अडथळ्यामागे ढीग करतो, आणि त्या सपाट मैदानात तळाची इमारत हाच एकमेव अडथळा होता. काही वर्षांतच ती बर्फात गाडली जाऊ लागली. आत जायला वरून खाली उतरावं लागे. 1989 पर्यंत शिर्माखरच्या उघड्या खडकावर 'मैत्री' हा दुसरा तळ तयार झाला, शेजारी गोड्या पाण्याचं प्रियदर्शिनी तळं. 1990 साली दक्षिण गंगोत्रीत राहणं थांबलं. आपली माणसं मंचावरून खडकावर आली.

सगळ्यांनी असं केलं नाही. ब्रिटिशांचं हॅली केंद्र 1956 पासून ब्रंट हिममंचावरच आहे. एकामागून एक इमारती बर्फानं गिळल्यावर त्यांनी सहावं केंद्र उचलता येणाऱ्या पायांवर उभं केलं आणि पायांखाली घसरपट्ट्या लावल्या. मंचातली जुनी भेग पुन्हा वाढू लागली तेव्हा 2016-17 मध्ये सगळं केंद्र ट्रॅक्टरनं ओढून 23 किलोमीटर आत नेलं. ही भेग कुठवर आली हे वेळेवर कळलं, कारण मंचावर जीपीएसची उपकरणं पेरलेली होती आणि ती रोज आपली जागा सांगत होती.

काठ आणि वेग मोजता आले, पण जाडी? ती तर पाण्याखाली. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात अल्बर्ट क्रॅरी आणि त्याचे सहकारी रॉस हिममंचावर स्फोट करत हिंडले. स्फोटाचा आवाज बर्फातून खाली जाऊन तळावर आपटून वर येतो, त्याला लागलेल्या वेळेवरून जाडी काढायची. एकेका जागी थांबून हे करायचं, म्हणजे काम कासवाच्या गतीचं. मग एका दोषातून उपाय निघाला. बर्फावरून उडणाऱ्या विमानांतली उंची दाखवणारी रेडिओ यंत्रं चुकीचे आकडे देत होती, कारण त्यांच्या लहरी बर्फाच्या पृष्ठभागावर न थांबता आरपार जात होत्या. वैमानिकाच्या दृष्टीनं हा जीवघेणा दोष होता. शास्त्रज्ञांना त्यातूनच हवं ते साधन मिळालं, आणि 1960 च्या दशकापासून विमानात बसून बर्फाची जाडी मोजता येऊ लागली.

तरंगण्याचाही एक फायदा आहे. डोंगरावर टेकलेल्या बर्फाची उंची कळली तरी खाली किती आहे हे कळत नाही. तरंगणाऱ्याचं कळतं. बर्फाचा जेमतेम नववा हिस्सा पाण्याबाहेर असतो. त्यामुळे उपग्रहानं मंच समुद्रसपाटीच्या 30 मीटर वर आहे एवढं सांगितलं की, वरच्या पोकळ बर्फाची सूट देऊन, तो एकूण अडीचशे मीटरच्या आसपास जाड आहे हा हिशोब टेबलावर बसून करता येतो. 2010 सालचा युरोपचा क्रायोसॅट-2 आणि 2018 सालचा अमेरिकेचा आइससॅट-2 हे काम करत आले आहेत. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून 2013 साली सोडलेल्या सरल या उपग्रहाची नजरही याच उंचीवर होती.

यातलं सगळ्यांत अवघड टिपण म्हणजे बर्फ नेमका कुठे तळ सोडतो ती रेषा, ग्राउंडिंग लाइन. वरून पाहिलं तर तिथे काहीच दिसत नाही. इकडचा आणि तिकडचा बर्फ सारखाच पांढरा. पण तिथे एक अदृश्य बिजागरी असते. अलीकडचा बर्फ जमिनीवर टेकलेला असल्यामुळे स्थिर, पलीकडचा भरती-ओहोटीनं वर-खाली होणारा. 1991 साली सुटलेल्या ईआरएस-1 या युरोपीय रडार उपग्रहाच्या दोन दिवसांच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या तेव्हा हा वर-खाली होणारा पट्टा रंगीत धाऱ्यांसारखा उमटला. ज्या भरतीनं मोजणीदारांना सतावलं होतं, तिनंच शेवटी हद्द दाखवून दिली.

ही रेषा इतकी महत्त्वाची का? हिममंच आधीच पाण्यावर असल्यामुळे तो वितळला तरी समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पण तो मागच्या हिमनद्यांना अडवून धरतो, शेतातल्या ताली वरच्या मातीला धरतात तसा. 2002 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लार्सन बी हा मंच काही आठवड्यांत फुटला. सुमारे 3,250 चौरस किलोमीटर बर्फ नकाशावरून गेला. त्यानंतर मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढलेला मोजला गेला. ती ताल फुटली होती.

जुलै 2017 मध्ये शेजारच्या लार्सन सी मंचाचा तुकडा सुटला. ध्रुवीय हिवाळ्याचा अंधार होता, तरी रडार उपग्रहांना भेग दिसत होती आणि तिचं टोक रोज किती पुढे सरकतं याची नोंद होत होती. सुटलेल्या हिमनगाला ए-68 हे नाव मिळालं. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे 5,800 चौरस किलोमीटर. परभणी जिल्हा सव्वासहा हजारांच्या आसपास आहे. म्हणजे सेलूपासून पालमपर्यंत आणि जिंतूरपासून सोनपेठपर्यंत आपले नऊ तालुके घ्या, त्यातून फार तर एखादा छोटा तालुका वगळा, आणि उरलेलं सगळं एका आठवड्यात सुटून समुद्रात निघालं अशी कल्पना करा. तो आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मी जिल्ह्याचा नकाशा काढून समोर ठेवला होता. त्याशिवाय ते प्रमाण मनात बसेना.

भारताकडून मोजणीचा मोठा भार खडकावरून उचलला जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं शिर्माखरमधल्या एका हिमनदीचं टोक दरवर्षी मोजतात. त्या हिमनदीचं नावही दक्षिण गंगोत्रीच आहे. नवी मुंबईत पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2003 आणि 2004 मध्ये शिर्माखरच्या दक्षिणेकडच्या बर्फावर ठरलेल्या जागी जीपीएस लावून दोन वेळच्या स्थानांची तुलना केली. बर्फ वर्षाला सुमारे 2 ते 11 मीटर सरकत होता. पुढे तो तरंगू लागला की हा वेग वाढतो. निव्हलिसेनवर काही ठिकाणी तो वर्षाला शंभर मीटरच्या घरात जातो. या सगळ्या मोहिमांचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. 2024 साली लार्समन टेकड्यांवरच्या 'भारती' या आपल्या तिसऱ्या तळावर टपाल कार्यालय उघडलं, तेव्हा त्याला प्रायोगिक पिन मिळाला एमएच-1718. एमएच म्हणजे महाराष्ट्र.

आता आपल्याकडेही मोजणीवाला साखळी घेऊन येत नाही. काठीवर बसवलेला रोव्हर बांधावर उभा करतो. तो रोव्हर उपग्रहांचे संकेत घेतो आणि कुठे तरी पक्क्या पायावर कायम बसवलेल्या केंद्राच्या नोंदींशी ते ताडून पाहतो. तसा ताळा घेतल्याशिवाय सेंटीमीटरची खात्री येत नाही. बर्फावरही हीच रीत : एक जीपीएस खडकावर कायमचा, दुसरा सरकत्या बर्फावर, आणि दोघांतला फरक म्हणजे बर्फाची चाल. मिना ब्लफचा कडा आणि शिध्याचा ढीग, यांचंच हे नवं रूप. आकाशातले उपग्रहही तेच, मानवतच्या कापसावरून जाणारे आणि निव्हलिसेनवरून जाणारे. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच वाटेवर परत येतो. अंटार्क्टिका नीट दिसावं म्हणून त्याचं रडार डाव्या बाजूला वळवून ठेवलेलं आहे.

दरवर्षी दक्षिणेतल्या उन्हाळ्यात आपलं जहाज मंचाच्या काठाशी लागतं आणि पिस्टन बुली गाड्यांचा ताफा सामान घेऊन 'मैत्री'कडे निघतो. गेल्या वर्षीची वाट तशीच धरता येत नाही. भेगा नव्यानं पाहाव्या लागतात, झेंडे नव्यानं लावावे लागतात. त्या वाटेच्या आसपास बर्फाखाली कुठे तरी जुनी दक्षिण गंगोत्री आहे. पुस्तकांत तिचा पत्ता 70 अंश 5 मिनिटं दक्षिण, 12 अंश पूर्व असा छापलेला असतो. तो 1984 सालचा आहे. इमारत आता त्या जागी नाही. मंचाबरोबर ती समुद्राच्या दिशेनं निघालेली आहे, आणि अजून चालते आहे.